दुसऱ्या भाषेची सक्ती: नेमकी कोणावर आणि कशाची?

दुसरी भाषा शिकणे सक्तीचे असावे का, असे विचारले की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, शिकायलाच हवी, त्याशिवाय आजच्या जगात निभाव नाही. दुसरा म्हणतो, भाषा लादून कधी येत नसते. वाद हमरीतुमरीवर येतो, पण बहुतेक वेळा दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

शाळेच्या वेळापत्रकात दुसऱ्या भाषेचे तास असणे आणि मुलाला त्यातून सूट नसणे, ही एक सक्ती. गणित, भूगोल असे बाकीचे विषयही त्याच परक्या भाषेतून शिकवणे ही दुसरी, आणि तिचा भार कितीतरी जास्त. तिसरी सक्ती अटीच्या रूपाने येते: ही भाषा आली नाही तर पदवी नाही, सरकारी नोकरी नाही, नागरिकत्व नाही. तिघींचे परिणाम इतके निराळे असतात की ‘सक्ती हवी’ किंवा ‘सक्ती नको’ असे एका दमात सांगता येत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिली सक्ती मला मान्य आहे, पण ती आधी सरकारवर असावी आणि मग मुलावर. शिक्षक, पुरेसे तास आणि चांगली पुस्तके देण्याचे बंधन सरकार पाळत असेल, तरच मुलाने वर्गात बसण्याचे बंधन न्याय्य ठरते. उरलेल्या दोन्ही फार जपून वापरायच्या गोष्टी आहेत आणि इतिहासात त्या बऱ्याचदा बेदरकारपणे वापरल्या गेल्या.

सरकारांनी भाषा शिकण्याची सक्ती केली तशी न शिकण्याचीही केली आहे, हे या वादात सहसा निसटते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत जर्मन भाषेकडे संशयाने पाहिले जाई. नेब्रास्का राज्याने 1919 मध्ये कायदाच केला की मूल आठवी पास होईपर्यंत त्याला कोणत्याही शाळेत, मग ती खासगी का असेना, इंग्रजीखेरीज दुसरी आधुनिक भाषा शिकवायची नाही. मे 1920 मध्ये रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक एका चर्चच्या शाळेत दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधल्या गोष्टी जर्मनमधून वाचायला शिकवत होते. तेवढ्यावरून खटला उभा राहिला आणि त्यांना 25 डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1923 मध्ये मायर जिंकले. शिक्षकाला आपला पेशा करण्याचा आणि आईवडिलांना मुलाच्या शिक्षणाबद्दल ठरवण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती करण्याचा आणि सरकारी शाळांचा अभ्यासक्रम ठरवण्याचा राज्याचा अधिकारही न्यायालयाने मान्य केला. म्हणजे राज्याने शिकवावे, पण शिकण्याची वाट बंद करू नये. शंभर वर्षे उलटली तरी याहून स्पष्ट रेघ मला कुठे दिसलेली नाही.

आता सक्तीच्या बाजूने दिली जाणारी कारणे पाहू. सर्वांत लोकप्रिय कारण म्हणजे दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो. या दाव्याचा इतिहास पाहिला तर सावध व्हायला होते. 1923 मध्ये वेल्समधल्या मुलांच्या चाचण्यांवरून नेमका उलटा निष्कर्ष निघाला होता: दोन भाषा बोलणारी मुले बुद्धीने मागे पडतात. त्या काळच्या अशा अभ्यासांत मुलांच्या घरची गरिबी, शिक्षण, चाचणीची भाषा यांचा हिशेब नीट धरलेलाच नसे. 1962 मध्ये माँट्रियलच्या दोन संशोधकांनी सारख्या आर्थिक स्तरातली मुले निवडली, तेव्हा दोन भाषांची मुले पुढे निघाली. पुढे या शतकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ एलन बियालिस्टॉक यांच्या प्रयोगांनी हा दावा घराघरांत नेला: दोन भाषा सांभाळणाऱ्याला लक्ष एकाग्र करणे आणि नको ते बाजूला सारणे जास्त जमते. पण नंतर मोठ्या संख्येवर तपासले तेव्हा हा फायदा विरत गेला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 4,524 मुलांच्या अभ्यासात तो आढळलाच नाही. स्मृतिभ्रंशाबाबतचे चित्र थोडे वेगळे आहे. हैदराबादमधल्या 648 रुग्णांच्या 2013 च्या अभ्यासात एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, शाळेत कधीच न गेलेल्यांमध्येही फरक दिसला. मात्र ही माणसे आयुष्यभर त्या भाषांत वावरलेली होती. आठवड्याला तीन तास व्याकरण गिरवणाऱ्या मुलाला हाच निष्कर्ष लावता येणार नाही.

म्हणून मेंदूचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. भाषा शिकवण्यासाठी त्याची गरजही नाही. दुसरी भाषा आली की आणखी काही कोटी लोकांशी थेट बोलता येते, त्यांचे लिखाण मधल्या माणसाशिवाय वाचता येते, आपल्या भाषेत जे गृहीत धरले आहे ते दुसरीकडे तसे नसते हे कळते. इतिहास किंवा भूगोल सक्तीचा करताना आपण मेंदू किती टक्के सुधारला हे विचारत नाही. भाषेलाही तोच न्याय लावावा.

याहून मोठे कारण समतेचे आहे. भाषा ऐच्छिक केली की ती कोण घेतो? इंग्लंडने हा प्रयोग करून पाहिला. सप्टेंबर 2004 पासून तिथे चौदा वर्षांपुढच्या मुलांना परकी भाषा सोडून देण्याची मुभा मिळाली. 2002 मध्ये सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला परकी भाषा घेणारी मुले सुमारे 76 टक्के होती, 2011 पर्यंत ती 40 टक्क्यांच्या आसपास आली. ही घट सगळीकडे सारखी नव्हती. फी भरून शिकवणाऱ्या आणि प्रवेश परीक्षा घेणाऱ्या शाळांत भाषा बऱ्यापैकी टिकल्या. गरीब वस्तीतल्या शाळांत त्या भराभर गळाल्या, आणि एकदा मुले कमी झाली की शिक्षकांच्या जागाही गेल्या. कागदावर निवड सगळ्यांना होती. प्रत्यक्षात ज्यांच्या घरी भाषेची किंमत ठाऊक होती त्यांनीच ती टिकवली. 2014 पासून त्याच देशाने सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी परकी भाषा बंधनकारक केली, पण वरच्या वर्गातली मोडलेली घडी लगेच बसत नाही.

एरवी जगात दुसरी भाषा न शिकता आयुष्य काढणे ही चैन मोठ्या भाषेच्या लोकांनाच परवडते. लहान भाषेत जन्मलेल्या माणसाला कोणी सक्ती करावी लागत नाही. बाजार, कचेरी, कोर्ट, दवाखाना, उच्च शिक्षण यांतली प्रत्येक पायरी त्याला दुसरी भाषा शिकायला लावते, कित्येकदा तिसरीही. लक्झेंबर्गचे मूल घरची लक्झेंबर्गिश बोलत जर्मनमध्ये लिहा-वाचायला शिकत आले आहे आणि लवकरच फ्रेंचकडे वळते. इंग्रजी घरातल्या मुलावर असा कोणताच दाब नसतो. त्यामुळे कायद्याने सक्तीचा विचार खरोखर करायचा असेल तर तो मोठ्या भाषेच्या मुलांसाठी करायला हवा. आणि होते ते बरोबर उलटे: भाषेचे नियम बहुधा दुबळ्याने बलिष्ठाची भाषा शिकावी म्हणूनच लिहिले जातात. युरोपीय संघाच्या नेत्यांनी 2002 मध्ये बार्सिलोना इथे ‘मातृभाषा आणि आणखी दोन’ हे उद्दिष्ट ठरवले, त्यात निदान भाषा मोठी की लहान असा भेद नव्हता. ते उद्दिष्टच होते, कोणाला बांधणारा कायदा नव्हे. तरी दिशा मला पटते.

खरे घोडे अडते ते वर्गात.

आयर्लंडने स्वतंत्र राज्य झाल्यापासून शाळेत आयरिश भाषा सक्तीची ठेवली आहे. 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 70 हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. शाळा-कॉलेजाबाहेर रोज ती बोलणारे होते सुमारे 72 हजार. शंभर वर्षांच्या सक्तीने ओळख टिकवली, रोजचे बोलणे टिकवले नाही. हंगेरीचे उदाहरण आणखी बोलके आहे. सोव्हिएत प्रभावाच्या चाळीसएक वर्षांत तिथल्या शाळांत रशियन सक्तीची होती. पिढ्यान्‌पिढ्या मुले वर्षानुवर्षे रशियन शिकली आणि बहुतेकांना साधे संभाषणही जमेना. 1989 मध्ये सक्ती उठली आणि कालपर्यंत रशियन शिकवणाऱ्या शिक्षकांना इंग्रजी किंवा जर्मनचे प्रशिक्षण घेऊन पुन्हा उभे राहावे लागले. मुलांना ती भाषा का शिकायची हेच पटलेले नव्हते, आणि न पटलेली भाषा परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी डोक्यातून जाते.

पण सगळा दोष मनाच्या विरोधाला देऊन चालणार नाही. साधा हिशेब मांडू. चाळीस मिनिटांची तासिका, आठवड्याला तीन, वर्षात पस्तीस आठवडे. वर्षाच्या झाल्या 105 तासिका, म्हणजे घड्याळी 70 तास, पाच वर्षांचे 350. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, तिथल्या अनुभवानुसार इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिश कामापुरती पक्की यायला वर्गातले सुमारे 600 ते 750 तास लागतात आणि जपानी किंवा अरबीला सुमारे 2,200. ही शिकलेली, निवडलेली, पगार घेऊन दिवसभर तेच करणारी मोठी माणसे, आणि त्यांचे वर्ग छोटे. शाळेतले 350 तास त्याच्या जवळपासही जात नाहीत. आता त्या तासिकेच्या आत डोकावू. वर्गात चाळीस मुले आहेत. अर्धा वेळ शिक्षक बोलतात, हजेरी होते, फळ्यावरचे उतरवून घेतले जाते. उरली वीस मिनिटे. एकेका मुलाने पाळीपाळीने बोलायचे ठरवले तर प्रत्येकाला अर्धे मिनिट. वर्षाच्या 105 तासिका म्हणजे वर्षभरात एका मुलाने त्या भाषेत तोंड उघडायचा वेळ बावन्न मिनिटे. पाच वर्षांत साडेचार तासही नाहीत. मग दहावी झालेल्या मुलाला ‘इतकी वर्षे शिकून दोन वाक्ये बोलता येत नाहीत?’ असे विचारणे अन्याय आहे. त्याला बोलायला दिलेच नव्हते.

यावर उपाय आहेत, पण ते पैसे आणि विचार मागतात. मुलांना जोड्यांत बोलायला लावले की तीच वीस मिनिटे कितीतरी पट वाढतात. तास वर्षभर पातळ पसरण्याऐवजी एकत्र आणता येतात. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात काही फ्रेंच शाळा सहावीच्या वर्षातले सुमारे पाच महिने दिवसाचा बहुतेक वेळ इंग्रजीलाच देतात आणि बाकीचे विषय उरलेल्या महिन्यांत पुरे करतात. लहानपणीच सुरू करा म्हणजे आपोआप येईल, हा सल्ला मात्र शाळेच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. भोवताली ती भाषा सतत कानांवर पडत असेल तर लहान मूल शेवटी मोठ्यांच्या पुढे जाते. आठवड्याला दोन-तीन तास एवढाच संबंध असेल तर चित्र पालटते. बार्सिलोनातल्या दीर्घ अभ्यासात तेवढेच तास मिळाल्यावर उशिरा सुरुवात केलेली मोठी मुले लहानांच्या पुढे होती. त्यांना वाचता-लिहिता येत असते, नियम समजतात, अभ्यास कसा करायचा ते कळलेले असते. पहिलीपासून भाषा सक्तीची केल्याची घोषणा ऐकायला छान वाटते. त्याच शिक्षकांकडून पाचवीपासून दुप्पट तास मिळाले तर मुलांच्या पदरात बहुधा जास्त पडेल.

दुसऱ्या प्रकारच्या सक्तीत, म्हणजे माध्यम बदलण्यात, एकच पद्धत दोन ठिकाणी अगदी विरुद्ध फळ देते. 1965 मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट-लँबर्ट इथे इंग्रजी भाषक पालकांनी मागे लागून आपल्या मुलांसाठी एक वर्ग सुरू करवून घेतला. शिशुवर्गापासून शिकवणे फ्रेंचमधून. काही वर्षांनी पाहिले तर मुलांना फ्रेंच उत्तम कळत होती, बोलण्यात थोडी कसर होती आणि इंग्रजीचे काहीही बिघडले नव्हते. आता दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी सरकारने 1974 मध्ये फर्मान काढले की कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत गणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्समधून शिकवायचे. अनेक शिक्षकांनाच ती भाषा धड येत नव्हती. मुलांसाठी ती आपल्याला माणूस न मानणाऱ्या सत्तेची भाषा होती. 16 जून 1976 रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमध्ये हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, शाळकरी मुले मेली.

परक्या माध्यमात शिकणे दोन्हीकडे होते. सेंट-लँबर्टच्या मुलांची घरची भाषा अख्ख्या खंडात बलवान होती, ती हरवण्याची भीतीच नव्हती, पालकांनी स्वतः निवड केली होती आणि शिक्षकांना फ्रेंच येत होती. सोवेटोत यातले काहीही नव्हते. मूळ भाषेत भक्कम पाया असलेल्या मुलाला दुसरी भाषा मिळकत ठरते. पाया कच्चा असताना माध्यमच बदलले तर मूल विषय आणि भाषा दोन्हींत मागे पडते. शिक्षकांची तयारी नसताना घाई केली की काय होते ते रवांडात दिसले. तिथे 2008 मध्ये शिक्षणाचे माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेण्याचा निर्णय झाला आणि स्वतः फ्रेंचमधून घडलेल्या शिक्षकांना थोड्याच काळात इंग्रजीतून शिकवायला उभे केले गेले. काही वर्षांतच खालच्या वर्गांसाठी पुन्हा स्थानिक किन्यारवांडाकडे वळावे लागले आणि 2019 मध्ये धोरण आणखी एकदा फिरले. प्रत्येक वळणावर त्या-त्या वर्षीच्या मुलांनी किंमत मोजली.

कोणती भाषा शिकायची हे कोण ठरवणार, हा प्रश्नही तितकाच तापदायक आहे. फिनलंडमध्ये स्वीडिश मातृभाषा असलेले लोक सुमारे पाच टक्के, पण भाषा अधिकृत, म्हणून फिनिश मुलांना ती शिकावीच लागते. स्वीडिश मुलांनाही फिनिश शिकावी लागते, हे महत्त्वाचे. 2005 पासून शालान्त परीक्षेत स्वीडिशचा पेपर ऐच्छिक झाला. वर्गातली सक्ती मात्र राहिली. ती उठवावी म्हणून 50 हजारांवर नागरिकांनी सह्या केल्या, तेव्हा 2015 मध्ये संसदेने 134 विरुद्ध 48 मतांनी मागणी फेटाळली. वर्गात बसणे बंधनकारक, पण नापासाची टांगती तलवार नाही, ही मांडणी मला समंजस वाटते. आयर्लंडही तिथेच आला: 1973 पर्यंत आयरिशमध्ये नापास झालेल्याला शालान्त प्रमाणपत्रच मिळत नसे, मग ती अट गेली आणि विषय सक्तीचा राहिला.

सिंगापूरमध्ये सक्ती यशस्वी झाली, आणि त्या यशाचीही किंमत आहे. तिथे शिक्षण इंग्रजीतून आणि जोडीला वंशानुसार ठरवलेली ‘मातृभाषा’: चिनी मुलांना मँडरिन, मलय मुलांना मलय, भारतीय मुलांना मुख्यतः तमिळ. पण बहुतेक चिनी घरांत मँडरिन बोललीच जात नव्हती. तिथे होकियन, तिओच्यू, कँटोनीज होत्या. 1979 पासून सरकारने मँडरिन बोलण्याची मोहीम काढली आणि या भाषा रेडिओ-टीव्हीवरून जवळपास हद्दपार केल्या. शाळेतही तिओच्यू नसल्यामुळे नातवंडांचे आजीशी बोलणे तुटत गेले. 2020 च्या जनगणनेत 48.3 टक्के लोकांनी घरात सर्वांत जास्त बोलली जाणारी भाषा इंग्रजी असल्याचे सांगितले, दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण 32.3 टक्के होते. देशाला दोन उपयोगी भाषा मिळाल्या आणि घरांनी आपली भाषा गमावली. सक्तीच्या हिशेबात हा रकाना नसतो, पण तो असायला हवा. म्हणूनच मला वाटते की दुसरी भाषा शिकणे बंधनकारक करावे, पण कोणती ते शक्य तितके घरावर सोडावे. त्या यादीत शेजाऱ्याची भाषा असावी, आजीची असावी, कर्णबधिरांची खुणांची भाषाही असावी.

राहिली मोठ्या माणसांची गोष्ट. दुसऱ्या देशात कायमचे राहायला आलेल्यांना तिथली भाषा यावी ही अपेक्षा रास्त आहे. डॉक्टरांना आपले दुखणे स्वतः सांगता न येणे, मालकाने पुढे केलेला करार न वाचता सही करणे, दर वेळी शाळकरी मुलाला दुभाषा म्हणून सोबत नेणे, यात माणसाची परवड होते. जर्मनीने 2005 पासून यासाठी एकात्मता अभ्यासक्रम चालवले आहेत. त्यांत भाषेचे 600 तास आणि देशाच्या ओळखीचे 100 तास असतात. लिहिता-वाचताच येत नाही त्यांच्यासाठी भाषेचे तास आणखी वाढवलेले असतात. बऱ्याच जणांना हजेरी बंधनकारक असते, पण बहुतेक खर्च सरकार उचलते. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय परवाना नाही म्हणायचे आणि शिकण्याचा खर्च स्थलांतरितावरच टाकायचा, असेही देशांनी केले आहे. नेदरलँड्समध्ये 2013 पासून काही वर्षे असेच चालले. लोकांनी कर्ज काढून खासगी वर्ग गाठले, फसवणुकीच्या तक्रारी आल्या. 2022 मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने शिकण्याची वाट आखून देण्याची जबाबदारी पुन्हा नगरपालिकांकडे आणली आणि निर्वासितांच्या वर्गांचा खर्चही त्यांनीच उचलायचा असे ठरले.